बाळाचा ‘सलाम’ : वेळीच ओळखायचा एक आजार

दोन वर्षे होऊन गेली. चिखलीत राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे रविवारी जेवायला जाणे झाले. तो चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. घरात त्याची आई, पत्नी आणि साडेचार महिन्यांचा पहिला मुलगा. जेवण आटोपून बसलो होतो, तेवढ्यात बाळ जागे झाले. दादीने त्याला मांडीवर घेतले. बाळाने एकदम मान पुढे टाकली, दोन्ही हात वर उचलले, गुडघे पोटाशी घेतले आणि पुन्हा सैल झाले. काही सेकंदांनी परत तसेच. मग परत. दादी कौतुकाने म्हणाली, “देखो, सर को सलाम कर रहा!” आम्हीही हसलो आणि बाळाला ‘वालेकुम अस्सलाम’ म्हटले.

तो सलाम नव्हता. तो मेंदूचा झटका होता. हे कळायला पुढे सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांची किंमत ते मूल आज मोजत आहे. त्याच्या अम्मी-अब्बूंची परवानगी घेऊन, नावे न देता, हे आम्ही लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. उर्दू आणि मराठी शिकवतो. परंतु या प्रकरणात औषधाच्या आधी शब्दांनीच घोटाळा केला होता, आणि तेवढे सांगण्याचा अधिकार आम्हाला आहे असे वाटते.

सहा आठवड्यांत काय घडले

बाळ दिवसातून तीन-चार वेळा, विशेषतः झोपेतून उठल्यावर, असे ‘सलाम’ करू लागले. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस झटके. मधे रडायचे, मग शांत व्हायचे. आईला काळजी वेगळ्याच गोष्टीची लागली होती. आधी तिच्याकडे बघून हसणारे बाळ आता हसत नव्हते. खुळखुळा वाजवला तरी मान वळवत नव्हते.

जवळच्या दवाखान्यात नेले. पोटात गॅस होतो म्हणून थेंब मिळाले. दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टरांनी नीट प्रश्न विचारला, “आकडी येते का? फिट येते का?” आईने उत्तर दिले, “नाही.” ती खोटे बोलली नाही. तिच्या माहेरी मराठवाड्यात एका चुलत्याला फिट यायची. फिट म्हणजे माणूस धाडकन पडतो, तोंडाला फेस येतो, दातखिळी बसते, हे तिने पाहिलेले. मांडीवर बसून मान झुकवणाऱ्या बाळाला ‘फिट’ हा शब्द लावावा, हे तिला सुचणार तरी कसे? ती म्हणाली, “नींद में से चौंकता है.” डॉक्टरांनी ऐकले, ‘दचकते’. लहान बाळे दचकतातच. प्रश्न बरोबर होता, उत्तर प्रामाणिक होते, तरी निदान हातातून निसटले.

मग घरात कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले साडेतीन महिन्यांच्या लसीमुळे झाले. शेवटी बाळाला मोहल्ल्यातल्या मस्जिदीत दम करायला नेले. इमाम साहेबांनी दुआ पढली, दम केला आणि विचारले, “डॉक्टर काय म्हणाले?” गॅस म्हटल्याचे ऐकून ते म्हणाले, “हे गॅससारखे दिसत नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवा. आजच दाखवा.”

त्या रात्री नवरा नाइट शिफ्टला होता. फजरच्या सुमारास बाळ उठले आणि झटके सुरू झाले. आईने मोबाइल उचलला, दिवा लावला आणि सगळे चित्रित करून नवऱ्याला पाठवले. शॉपवर मोबाइल नेता येत नसल्याने त्याचा फोन लॉकरमध्ये होता. सकाळी सातला सुटल्यावर त्याने तो व्हिडिओ पाहिला आणि घरी न झोपता बाळाला घेऊन मोठे रुग्णालय गाठले. तिथल्या निवासी डॉक्टर बाईंनी तो व्हिडिओ वीस सेकंद पाहिला आणि लगेच बाळाला दाखल करून घ्यायला सांगितले. सहा आठवड्यांत जे बोलून सांगता आले नव्हते, ते वीस सेकंदांत दिसले.

या आजाराचे जुने नावच ‘सलाम’

दादीने जो शब्द वापरला, तोच शब्द सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या डॉक्टरांनीही वापरला होता, हे आम्हाला नंतर कळले. विल्यम जेम्स वेस्ट हे इंग्लंडमधल्या टनब्रिज गावचे डॉक्टर. त्यांच्या स्वतःच्या मुलाला चौथ्या महिन्यापासून असेच झटके येऊ लागले. त्या काळचे सगळे उपाय, अगदी डोक्याला जळवा लावण्यापर्यंत, करून ते थकले. 1841 साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून मुलाची सगळी लक्षणे मांडली आणि इतर डॉक्टरांकडे मदत मागितली. लंडनच्या सर चार्ल्स क्लार्क यांनी अशी काही मुले पाहिली होती. मान झुकवण्याच्या लकबीवरून ते याला ‘सलाम झटके’ म्हणत. वेस्ट यांचा मुलगा बरा झाला नाही, परंतु आजाराला त्यांचे नाव मिळाले. आज डॉक्टर याला ‘वेस्ट सिंड्रोम’ किंवा ‘इन्फंटाइल स्पाझम्स’ म्हणतात.

साधारण दोन ते तीन हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. बहुतेकदा तो तीन महिने ते एक वर्ष या वयात सुरू होतो. म्हणजे बाळ हसायला, मान धरायला, बसायला शिकते नेमक्या त्या दिवसांत. झटका स्वतः एक-दोन सेकंदांचा असतो. त्या वेळी त्याने जीव जात नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण झटक्यांच्या मागे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा सतत गोंधळ चाललेला असतो, झटका नसतानाही आणि झोपेतही. त्या गोंधळात मेंदू नवे शिकत नाही आणि शिकलेले विसरू लागतो. म्हणून प्रत्येक दिवस मोलाचा.

दचकणे, पोटदुखी आणि झटका

प्रत्येक दचकणारे बाळ आजारी नसते. घाबरून जाण्यापेक्षा फरक समजून घ्यावा.

निरोगी बाळ दचकते ते कशामुळे तरी : दार आपटले, भांडे पडले, कोणी झटकन खाली ठेवले. ते एकदाच दचकते. ही सवय चार ते सहा महिन्यांपर्यंत आपोआप जाते.

पोट दुखणारे बाळ कळवळून रडते, पाय जवळ घेते, बराच वेळ तसे राहते. त्याला ठरावीक ताल नसतो.

झटके मात्र कारणाशिवाय येतात आणि ओळीने येतात. एक झटका, पाच-दहा सेकंद थांबून दुसरा, मग तिसरा. बहुधा झोपेतून उठताना किंवा झोपेला येताना. काही बाळे पुढे झुकतात, काही मागे ताठतात, काहींची फक्त मान डुलते. त्याच काळात बाळाचे हसणे, बघणे, मान धरणे कमी झाले असेल तर शंका अधिक पक्की समजावी. परंतु हसणे कमी होण्याची वाट पाहू नये.

अशा वेळी बाळाला दाबून धरू नका. मोबाइल घ्या. उजेड असू द्या, दुपट्यात गुंडाळलेले बाळ मोकळे करा. चेहरा, हात, पाय सगळे दिसेल असे धरा आणि झटक्यांची ओळ संपेपर्यंत चित्रित करा. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. “काय होते” हे शब्दांत सांगत बसण्यापेक्षा “हे बघा” म्हणा. हा व्हिडिओ डॉक्टरांसाठी आहे. खानदानच्या किंवा मोहल्ल्याच्या ग्रुपवर तो टाकू नका. ती बाळाची अमानत आहे.

रुग्णालयात काय होते

पहिली तपासणी ईईजी. डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद घेतात. बाळाला शॉक देत नाहीत, दुखतही नाही. दादीला हीच भीती होती, म्हणून मुद्दाम लिहिले. झोपेतली नोंदही घ्यावी लागते, कारण काही बाळांच्या लहरींतला बिघाड झोपेतच दिसतो.

नंतर कारणाचा शोध. त्यासाठी एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, त्वचेवर पांढुरके डाग आहेत का हे पाहणे. जन्मताना गुदमरणे, जन्मानंतर रक्तातली साखर फार उतरणे, मेंदूज्वर, मेंदूच्या घडणीतला दोष, जनुकीय आजार अशी अनेक कारणे असतात. आपल्या देशात पहिली दोन बऱ्याच मुलांत सापडतात. काही मुलांत कारण मिळतच नाही. लसीचे म्हणाल तर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी आणि हा आजार एकाच वयाच्या आसपास येतात, म्हणून संशय लसीवर जातो. लस हे या आजाराचे कारण नाही.

उपचार ठरलेले आहेत. एसीटीएच नावाची इंजेक्शने, किंवा तोंडावाटे मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, किंवा व्हिगाबॅट्रिन हे औषध. बाळाला कोणते द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. प्रेडनिसोलोन महाग नाही. ‘स्टिरॉइड’ शब्द ऐकून पालक घाबरतात. त्याचे दुष्परिणाम खरोखर आहेत : रक्तदाब वाढतो, बाळ चिडचिडे होते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, संसर्ग लवकर होतो. म्हणून उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच चालतात, आणि त्या काळात कोणती लस द्यावी हेही त्यांनाच विचारावे लागते. हे औषध मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. साधारण दोन आठवड्यांनी ईईजी पुन्हा काढून लहरी सुधारल्या का हे पाहतात. झटके थांबले तरी लहरी बिघडलेल्या राहिल्या, तर काम पूर्ण झालेले नसते.

आमच्या विद्यार्थ्याच्या बाळाचे झटके नवव्या दिवशी थांबले. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागाला इजा दिसली. डॉक्टरांनी जन्मानंतरच्या दिवसांची चौकशी केली, तेव्हा कळले की दुसऱ्या दिवशी बाळ सुस्त होते आणि दूध ओढत नव्हते. आईला दूध उतरले नाही म्हणून घुट्टी आणि मध चाटवला गेला होता. “शांत बाळ आहे” असे सगळे म्हणत होते. ते शांत नव्हते, त्याची साखर उतरली होती.

म्हणून घरोघरच्या दादी-नानींना आमची विनंती आहे. कानात अज़ान द्या, तहनीक करा. त्याला काही मिनिटेच लागतात. मग पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावा. पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, टाकून देऊ नका. मध एक वर्षापर्यंत देऊ नये असे डॉक्टर सांगतात. नवजात बाळ सुस्त पडले, दूध ओढेना, हातपाय थरथरू लागले, तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. कुरआन शरीफमध्ये सूरह बकरात पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. त्या दोन वर्षांतला पहिला तास आपण चालीरीतींत घालवू नये.

दुआ आणि दवा

सहीह बुखारीत एक घटना आहे. मिरगीचे झटके येणारी एक स्त्री प्रेषित सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्याकडे आली आणि दुआची विनंती केली. सब्र केलास तर जन्नत आहे, आणि हवे असेल तर शिफासाठी दुआ करतो, असे त्यांनी तिला सांगितले. तिने सब्र निवडला. फक्त झटक्याच्या वेळी अंगावरचे कपडे सरकू नयेत एवढी दुआ मागितली, आणि ती केली गेली. या घटनेत आम्हाला दोन गोष्टी दिसतात. त्या स्त्रीला कोणी हिणवले नाही की दूर सारले नाही. उलट तिला जन्नतची खुशखबर मिळाली. आणि निवड तिने स्वतः, जाणत्या वयात केली. पाच महिन्यांचे बाळ अशी निवड करू शकत नाही. त्याच्या वतीने सब्र निवडण्याचा हक्क आपल्याला नाही. ते अल्लाहची अमानत आहे, आणि इलाज करा अशी प्रेषितांची स्पष्ट शिकवण आहे. दम करणे आणि ईईजी काढणे यांत भांडण नाही. आमच्या इमाम साहेबांनी दोन्ही एकाच सकाळी सांगितले.

इतर आकडींविषयी

सलाम झटके हा आकडीचा एक प्रकार. मुलांमधली बरीच प्रकरणे वेगळी असतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना जोराच्या तापात आकडी येते. ती बहुधा काही मिनिटांत थांबते आणि पुढे त्रास देत नाही. तरी पहिल्या वेळी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. कारण ताप आणि आकडी मेंदूज्वरातही असतात.

शाळेत आम्ही एक गोष्ट पाळतो, ती घरातही पाळावी. आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी पुन्हा आली, तर 108 ला फोन करा.

आणखी एक गैरसमज आपल्या घरांत विशेष आहे. मेंदूत जंताच्या गाठी झाल्याने आकडी येते असे डॉक्टर म्हणाले, की आपण म्हणतो, “आम्ही डुक्कर खात नाही, आम्हाला कसे होईल?” हा जंत डुकराच्या मांसातून येतो हे खरे, पण मेंदूतल्या गाठी त्याच्या अंड्यांमुळे होतात. जंत असलेल्या कोणाच्याही न धुतलेल्या हातांतून, न धुतलेल्या भाजी-कोशिंबिरीतून आणि दूषित पाण्यातून ती अंडी पोटात जातात. हलाल खाणाऱ्यालाही हात आणि भाजी धुवावीच लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाल्यास मिरगीच्या सुमारे 70 टक्के रुग्णांचे झटके पूर्ण थांबू शकतात. अट एकच : गोळी चुकवायची नाही, आणि “आता बरे आहे” म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

आपल्या भागात कोठे जावे

चाकणच्या गावांत ग्रामीण रुग्णालय आहे. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. पुण्यात ससून आहे. औंधला जिल्हा रुग्णालय आहे. जिथे जाल तिथे बालरोग विभागात व्हिडिओ दाखवा आणि बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा.

कंत्राटी कामगारांनी पगाराची स्लिप एकदा नीट वाचावी. महिना 21 हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांच्या पगारातून ईएसआयसाठी 0.75 टक्के कापले जातात. ही कपात होत असेल तर पत्नी आणि मुलांचा इलाजही त्यात येतो. चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचे रुग्णालय आहे. आमच्या विद्यार्थ्याचे पैसे तीन वर्षे कापले जात होते, पण बाळाचे नाव कार्डावर चढवलेले नव्हते. ते काम बाळ जन्मल्याबरोबर करावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून, सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुले तपासते. विकासात मागे असलेल्या मुलांना ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. ज्या मुलांना पुढे सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता राहते, त्यांच्यासाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण देते, थेरपीसह. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना 6 ते 18 वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेने नकार दिला तर गप्प बसू नका. हे आम्ही शिक्षक म्हणूनच सांगतो.

आज ते बाळ

मुलगा आता अडीच वर्षांचा आहे. बोट धरून चालतो. वस्तू डोळ्यांजवळ नेली तर ओळखतो, लांबची ओळखत नाही. ‘अम्मी’ म्हणतो, ‘पानी’ म्हणतो. आठवड्यातून दोनदा त्याची आई त्याला बसने थेरपीला नेते. झटके पुन्हा आले नाहीत, अलहम्दुलिल्लाह. सहा आठवडे आधी पोहोचलो असतो तर आज तो किती पुढे असता, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मेंदूला इजा आधीच झालेली होती. तरीही हा प्रश्न त्या आईच्या मनातून जात नाही, आणि त्या रविवारचे आमचे हसणे आमच्या मनातून जात नाही.

मागच्या ईदला तो आमच्याकडे आला होता. दादीने त्याचा हात कपाळाशी नेऊन सलाम करायला शिकवले आहे. त्याने हात वर केला, तेव्हा आम्ही सगळे क्षणभर गप्प झालो. मग त्याने तोंडाने ‘सलाम’ म्हटले. आम्ही जवाब दिला.

हे पान आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना वाचून दाखवा. बाळ बहुतेक वेळ त्यांच्याच मांडीवर असते, आणि पहिला झटका बहुधा त्याच पाहतात.